दोन प्रवाशांच्या मधली गाडी

सुट्टीला निघताना विमानाचं तिकीट आणि हॉटेल यांच्याबरोबर आता आणखी एक गोष्ट आपण घरबसल्या ठरवून टाकतो. ती म्हणजे उतरल्यावरची गाडी. कुणी ड्रायव्हरसह टॅक्सी घेतं, तर कुणी, विशेषतः गोव्यासारख्या ठिकाणी, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी घेऊन स्वतःच चालवतं. अलीकडे काही ठिकाणी बुकिंगच्या यादीत ‘इलेक्ट्रिक’ हाही एक पर्याय दिसू लागला आहे. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही. मुलं तर तीच घ्या म्हणून मागे लागतात. तरीही आपलं बोट त्या पर्यायापाशी जरा थबकतं. उतरल्यावर गाडी पूर्ण चार्ज केलेली असेल ना? अनोळखी गावात, रात्रीच्या वेळी, सोबत आईबाबा असताना चार्ज संपला तर? परत देताना भरून द्यायची की तशीच?

हे प्रश्न अगदी रास्त आहेत. फक्त त्यांची उत्तरं आपण गाडीत शोधतो आणि तिथेच चुकतो. गाडी कोणत्या कंपनीची आहे आणि एका चार्जमध्ये किती पळते, यापेक्षा ती विमानतळावर कशी सांभाळली जाते, यावर तुमची सहल जास्त अवलंबून असते. म्हणून आज बोलू या ते गाडीबद्दल नाही, तर ती उभी राहते त्या जागेबद्दल.

गाडी परत आली, पुढे काय?

भाड्याच्या गाडीचा धंदा तिच्या धावण्यावर चालतो. पेट्रोलची गाडी एका प्रवाशाने परत केली की तिची तपासणी होते, आतून झाडलोट होते, बाहेरून धुतली जाते आणि चार-पाच मिनिटांत टाकी भरून ती पुढच्या प्रवाशासाठी उभी राहते. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विमानतळांवर तर सगळ्या भाडे कंपन्या एकाच इमारतीत असतात. तिथेच पेट्रोल पंप, तिथेच धुण्याची जागा. गर्दीच्या दिवशी सकाळी परत आलेली गाडी दुपारच्या आत पुन्हा रस्त्यावर असते.

आता याच साखळीत इलेक्ट्रिक गाडी घाला. समजा तिची बॅटरी ३० युनिटची आहे. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावर असतं तेच. घरगुती पद्धतीच्या ७ किलोवॉटच्या चार्जरवर ती रिकामी बॅटरी पूर्ण भरायला चार-साडेचार तास लागतात. जलद चार्जरवर बहुतेक गाड्या १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत तासाभरात येतात. धुणं-पुसणं तेवढंच, तपासणी तेवढीच. पण टाकी भरायच्या चार मिनिटांच्या जागी एक तास किंवा चार तास येऊन बसतात.

एका गाडीचं हे गणित सोपं वाटतं. ४० गाड्यांचं करून बघा. पहाटेच्या विमानांसाठी लोक निघाले आणि ४० गाड्या तासाभरात परत आल्या. सगळ्या ७ किलोवॉटच्या चार्जरला एकदम लावल्या तर २८० किलोवॉट वीज हवी. ५ किलोवॉट मंजूर भार असलेल्या ५६ घरांनी एकाच वेळी पूर्ण भार ओढावा, तसं हे झालं. आणि घाई म्हणून सगळ्यांना ६० किलोवॉटचे जलद चार्जर बसवले, तर तोच आकडा २,४०० किलोवॉटवर जातो, म्हणजे ४८० घरं. एवढी वीज भिंतीतल्या सॉकेटमधून येत नाही. त्यासाठी उच्चदाबाची वाहिनी लागते, ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याला जागा लागते, आणि विमानतळासारख्या ठिकाणी जमीन खणायची म्हटली की परवानग्यांची रांग लागते. गाडी महिन्याभरात विकत मिळते. ही व्यवस्था उभारायला त्याहून कितीतरी जास्त काळ जातो.

घाई कमी, हिशोब जास्त

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे जलद चार्जर वाढवा. तो महागडा आहे आणि बऱ्याचदा अनावश्यकही. कारण विमानतळाकडे एक अशी माहिती असते जी रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनकडे नसते. तुमचं विमान किती वाजता उतरणार, हे तिथे आधीच ठाऊक असतं. गाडी कधी परत येणार आणि पुढचा प्रवासी ती कधी नेणार, हेही भाडे कंपनीच्या बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं.

पहाटे ५ वाजता परत आलेली गाडी दुपारी ४ वाजता जाणार असेल तर तिच्याकडे ११ तास आहेत. तिला ३ किलोवॉटच्या संथ धारेवर लावलं तरी पुरेसं होतं. मघाच्या ४० गाड्यांपैकी प्रत्येकीला असा वेळ मिळाला तर एकूण गरज १२० किलोवॉटपर्यंत उतरते. कुठे २,४०० आणि कुठे १२०. अर्थात प्रत्येक गाडीला असे ११ तास मिळणार नाहीत. काहींना दोनच तास असतील, आणि जलद चार्जर हवेत ते त्यांच्यासाठी. बाकीच्यांना कोणत्या वेळी किती वीज द्यायची हे ठरवणारी संगणक प्रणाली आता सहज मिळते. घरात गीझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावू नका असं आपण सांगतो ना, तेच काम ती शेकडो गाड्यांसाठी करते.

त्यात आपल्या देशात एक सोय वाढली आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल केला. त्यानुसार व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी दिवसाच्या वेळेनुसार वीजदर ठरवायचे आहेत आणि सौरऊर्जेच्या तासांत, म्हणजे साधारण दिवसा, वीज स्वस्त ठेवायची आहे. सकाळी परत आलेली गाडी दुपारच्या उन्हात भरली, तर पैसेही वाचतात.

कोचीच्या विमानतळाने ही वाट केव्हाच दाखवली आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये तो पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ ठरला. पुढे तिथे पार्किंगवरही सौर पॅनलची छप्परं आली. खाली सावलीत गाड्या, वर वीजनिर्मिती. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत मुलांना बसवताना जो जीव घाबरतो, त्यावरही हा उपायच आहे.

एक लाख गाड्यांची गोष्ट

तयारीशिवाय उडी घेतली की काय होतं, हे अमेरिकेतल्या हर्ट्झ या मोठ्या भाडे कंपनीने दाखवून दिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने एक लाख टेस्ला गाड्या घेण्याची घोषणा केली. शेअर बाजार खूश झाला, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. पुढच्या वर्षी इतर कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्यांचेही मोठे करार झाले. आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. हा तिच्या जगभरातल्या इलेक्ट्रिक ताफ्याचा जवळपास तिसरा हिस्सा होता. काही महिन्यांत हा आकडा ३०,००० वर नेला गेला. दरम्यान, मार्चमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी पद सोडलं.

कारणं काय? टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती कमी केल्या, त्यामुळे हर्ट्झकडच्या जुन्या गाड्यांची किंमत कोसळली. अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च पेट्रोल गाड्यांपेक्षा बराच जास्त निघाला. मागणीही अपेक्षेइतकी राहिली नाही. यातलं एक कारण मात्र आपल्यासारख्या ग्राहकांशी थेट जोडलेलं आहे. ज्याने आयुष्यात कधी इलेक्ट्रिक गाडी चालवली नाही, त्याच्या हातात विमानतळावर दोन मिनिटांत किल्ली देणं सोपं नसतं. ही गाडी पायाच्या हलक्या दाबाने एकदम वेग घेते. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की स्वतःहून मंदावते, कारण त्या वेळी ती चाकांची ऊर्जा परत बॅटरीत घेत असते. सवय नसेल तर मागे बसलेल्या मुलांना मळमळतं आणि चालवणारा गोंधळतो. लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाने हे सगळं कुठे शिकायचं?

याउलट नॉर्वे बघा. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. त्यामुळे तिथला माणूस भाड्याची इलेक्ट्रिक गाडी घेतो तेव्हा त्याच्या घरीही तशीच गाडी असण्याची शक्यता मोठी असते. त्याला चार्जर कसा लावायचा ते माहीत असतं, तो कुठे सापडेल तेही माहीत असतं. म्हणजे विमानतळाची तयारी म्हणताना माणसांची तयारीही त्यातच धरावी लागते. गाडी देताना दहा मिनिटं समजावून सांगणारा कर्मचारी चार्जरइतकाच गरजेचा आहे.

केबल कोणी टाकायची?

आता खरा पेच. विमानतळाची जमीन विमानतळ चालवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात. भाडे कंपनी तिथे काही वर्षांच्या कराराने बसलेली. चार्जरचा खर्च कुणी करायचा? भाडे कंपनी म्हणते, करार संपला तर जमिनीत गाडलेली केबल मी उपटून नेऊ का? विमानतळ म्हणतो, मी केबल टाकतो, पण उद्या तुम्ही गाड्याच विकून टाकल्या तर? हर्ट्झनंतर ही शंका कुणी हसण्यावारी नेणार नाही.

यातून मार्ग काढायचा तर खर्चाचे दोन भाग करावे लागतात. जमिनीखालच्या नळ्या, ट्रान्सफॉर्मरची जागा आणि वाढवता येईल असा वीजजोड हे दीर्घकाळ टिकणारं काम आहे. कंपन्या बदलल्या, गाड्या बदलल्या, तरी ते वाया जात नाही. ते विमानतळाने करावं, आणि इमारत बांधतानाच करावं, कारण एकदा फरशी बसली की तीच नळी टाकायला कितीतरी पट पैसे लागतात. घर बांधताना एसीचा पॉइंट आधी काढून ठेवणारे आपण, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वरचे चार्जर मात्र गरजेप्रमाणे, हळूहळू लावता येतात आणि ते भाडे कंपनीच्या किंवा चार्जिंग कंपनीच्या खर्चाने लागू शकतात.

म्हणूनच नव्या विमानतळांकडे बघताना उत्सुकता वाटते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. उत्तर गोव्यात मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. अशा ठिकाणी भिंती अजून नव्या आहेत, विस्ताराचे टप्पे बाकी आहेत. पुढच्या प्रत्येक टप्प्याच्या नकाशात भाड्याच्या गाड्यांची जागा आणि तिची वीज आधीच आखली जाते का, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

गोव्याला तर इलेक्ट्रिक भाड्याची गाडी चपखल बसते. पेडण्यातल्या मोपापासून काणकोणातल्या पाळोळेपर्यंत शंभरेक किलोमीटर. म्हणजे राज्याच्या या टोकापासून त्या टोकाला जाणंही आजच्या साध्या इलेक्ट्रिक गाडीच्या आवाक्यात आहे. जुलै २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की जानेवारी २०२४ पासून राज्यात येणारं प्रत्येक नवं पर्यटन वाहन इलेक्ट्रिक असावं. हेतू चांगला आहे. पण गोव्यात भाड्याच्या गाड्यांचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर लहान माणसांच्या हातात आहे. कुणाकडे दोन गाड्या, कुणाकडे पाच. विमानतळाबाहेर गाडी आणून किल्ली हातात देणाऱ्या माणसाला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर परवडणार नाही. विमानतळावरची चार्जिंगची जागा फक्त मोठ्या कंपन्यांना मिळाली तर हा लहान व्यावसायिक बाहेर फेकला जाईल. ती सगळ्यांसाठी खुली आणि सारख्या दराची असली, तरच बदल त्याच्याही भल्याचा ठरेल.

गाडीबरोबर माणूसही थांबतो

ड्रायव्हरसह येणाऱ्या टॅक्सीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती दिल्लीत व बेंगळुरूत राहणाऱ्या वाचकांना जवळची आहे. २०१९ मध्ये दिल्ली परिसरात सुरू झालेल्या ब्लूस्मार्टच्या सगळ्याच टॅक्सी इलेक्ट्रिक होत्या. विमानतळावर जायचं तर तीच बोलवायची, अशी अनेक कुटुंबांची सवय झाली होती. वेळेवर येणारी, ऐनवेळी रद्द न होणारी गाडी म्हणून तिचं नाव होतं. एप्रिल २०२५ मध्ये तिला गाड्या भाडेपट्ट्याने देणाऱ्या जेनसोल कंपनीच्या पैशांच्या व्यवहारांबाबत सेबीचा अंतरिम आदेश आला आणि लगेच टॅक्सीचं बुकिंग बंद झालं. प्रवाशांची गैरसोय झाली, ती दुसऱ्या अॅपने भागली. पण हजारो चालकांचं काम एकाएकी थांबलं.

इथे बिघाड बॅटरीचा नव्हता आणि चार्जरचाही नव्हता. पण धडा विमानतळांसाठी आहेच. सगळी सोय एकाच कंपनीच्या खांद्यावर असेल तर ती कंपनी बसली की सोयही बसते. सोय जागेची असेल तर एक गेला तरी दुसरा येऊन तीच वापरू शकतो.

आणि चालकाचा विचार केल्याशिवाय कुठलीही तयारी पुरी होत नाही. गाडी तासभर चार्जिंगला लागते तेव्हा तो माणूसही तासभर थांबतो. त्या तासाचे त्याला बहुधा पैसे मिळत नाहीत. टर्मिनलच्या आत आपल्यासाठी कॉफी, गादीच्या खुर्च्या, स्वच्छ प्रसाधनगृहं असतात. बाहेर चार्जिंगच्या जागी त्याच्यासाठी पंखा, पिण्याचं पाणी, बाकडं आणि स्वच्छतागृह आहे का? महिला चालकांसाठी सुरक्षित, उजेडाची जागा आहे का? रात्री दोन वाजता तुम्हाला आणि तुमच्या मुलांना घरी सोडणारा माणूस विश्रांती घेतलेला असणं, ही तुमच्याही सुरक्षेची बाब आहे.

आगीची भीती किती खरी?

इलेक्ट्रिक गाडी आणि बंदिस्त पार्किंग म्हटलं की आगीचा विषय निघतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनजवळच्या ल्युटन विमानतळाच्या पार्किंगला प्रचंड आग लागली आणि १,४०० हून अधिक गाड्या नष्ट झाल्या. इलेक्ट्रिक गाडीने आग लावली अशी बातमी समाजमाध्यमांवर झपाट्याने पसरली. अग्निशमन दलाने मात्र सांगितलं की आगीची सुरुवात एका डिझेल गाडीपासून झाली.

म्हणून काळजी सोडायची असं नाही. बॅटरीची आग विझवायला जास्त पाणी आणि जास्त वेळ लागतो, आणि विझली असं वाटल्यावर ती पुन्हा पेटू शकते. त्यामुळे चार्जिंगच्या जागा शक्यतो मोकळ्या हवेत असाव्यात, गाड्यांमध्ये अंतर असावं, वीज एका झटक्यात तोडता येईल असं बटण असावं आणि विमानतळाच्या अग्निशमन दलाला या आगीचं वेगळं प्रशिक्षण असावं. भीतीपेक्षा ही यादी जास्त उपयोगाची आहे.

किल्ली घेण्याआधी

विमानतळ तयार होतील तेव्हा होतील. पुढच्या सुट्टीत तुम्ही इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल, तर बुकिंगच्या वेळीच चार गोष्टी विचारून घ्या आणि उत्तरं शक्यतो लेखी मागा.

पहिली, गाडी हातात येताना किमान किती टक्के चार्ज असेल? विमान उशिरा पोहोचलं तरी तेवढाच असेल ना?

दुसरी, परत करताना किती टक्के असायला हवा, आणि कमी असला तर किती पैसे कापणार? पेट्रोलमध्ये ‘भरून घ्या, भरून द्या’ हे सरळ होतं. इथे प्रत्येकाचा नियम वेगळा असू शकतो. परतीच्या दिवशी पहाटे साडेतीनला चार्जर शोधत फिरायची वेळ आपल्यावर येऊ नये.

तिसरी, चार्जिंगची केबल गाडीत आहे का, आणि वाटेतल्या चार्जरचे पैसे कोणत्या अॅपने भरायचे? ते अॅप घरीच, चांगलं नेटवर्क असताना, फोनमध्ये घेऊन ठेवा. ज्या हॉटेलात उतरणार आहात तिथे रात्री गाडी लावता येईल का, हेही विचारा. रात्रभर संथ चार्जिंग मिळालं तर दिवसा चार्जर शोधावाच लागत नाही.

चौथी, वाटेत अडचण आली तर फोन कुणाला करायचा? तो नंबर रात्रीही उचलला जातो का, हे निघण्याआधी एकदा लावून बघा.

गाडी मिळाल्यावर लगेच हमरस्त्याला लागू नका. पार्किंगमध्येच दोन फेऱ्या मारा, पाय काढल्यावर ती कशी मंदावते ते अंगवळणी पाडा, चार्जिंगचं झाकण कुठून उघडतं ते बघा. आणि पडद्यावर दिसणारा पल्ला शेवटच्या किलोमीटरपर्यंत वापरायचा बेत करू नका. एसी, घाटाचा चढ आणि भरलेली डिकी यांनी तो कमी होतो. गोव्यातून आंबोलीला चक्कर मारायची असेल तर हे आधीच हिशोबात धरा.

सहलीनंतर एक काम उरतं. अनुभव चांगला असो वा वाईट, भाडे कंपनीला आणि विमानतळालाही कळवा. अभिप्रायाच्या रकान्यात आपण बहुधा ‘कर्मचारी सौजन्यशील होते’ एवढंच लिहितो. या वेळी लिहा की चार्जिंगची जागा कुठे आहे ते सांगणारी पाटी नव्हती, किंवा गाडी फक्त ५५ टक्के भरलेली मिळाली, किंवा चालकाला बसायला जागा नव्हती. विमानतळाच्या विस्ताराचे आराखडे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी होत असतात. जमिनीखालची एक नळी आज टाकायची की नाही, हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर प्रवाशांचं म्हणणं वेळेत पोहोचलं, तर ती नळी पडण्याची शक्यता नक्कीच वाढते.